यशदीपला काय व्हायचं होतं

१

बैठकीची वेळ केव्हाच टळून गेली होती, आणि ज्याच्यासाठी ती बोलावली होती तो मुलगाच अजून आला नव्हता.

वनमाला सोनटक्के यांनी दाराकडे पाहणं सोडून दिलं. त्यांची ही खोली म्हणजे पूर्वीचं खेळाच्या सामानाचं गोदाम. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि शहरातल्या शाळांना एकाएकी समुपदेशक हवे झाले. व्यवस्थापनाने इथले फुटबॉल हलवले आणि जीवशास्त्र शिकवणाऱ्या वनमालाबाईंना एका सुट्टीत अभ्यासक्रमाला धाडून इथे आणून बसवलं. चामड्याचा वास मात्र गेला नाही. बारावीची मुलं त्या वासात बसून रडायची, डोळे पुसून जायची, की पुढचं मूल यायचं. शाळा सुटेपर्यंत वनमालाबाईंच्या डोक्यात स्वतःचा असा एकही विचार उरत नसे.

आज समोर तिघं बसली होती. यशदीपचे वडील देवीदास गजघाटे, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर. त्याची आई सरला. आणि त्याला भौतिकशास्त्र शिकवणारे श्यामकांत सर. सराव परीक्षेत यशदीपचे गुण एकदम घसरले होते. त्यामुळे एकदा सगळ्यांनी बसून बारावीनंतरचं काय ते ठरवू, असं वनमालाबाईंनीच सुचवलं होतं. काल यशदीपला सांगितलं तर तो हसून म्हणाला होता, "अच्छा है मॅडम."

"त्याच्यात ठरवायचं काय आहे?" देवीदास म्हणाले. "पोट्ट्याचं ठरलं आहे. इंजिनिअर व्हायचं. स्वतः म्हणते मले, पप्पा, एक वर्ष कोट्याले क्लासले धाडा."

"कोट्याले?" सरला वळली. "मले तर म्हणे, आई, मी रायपूर सोडून कुठी जात नाही. पप्पासारखा रेल्वेत लागतो अन् तुह्यापाशी राहतो."

"एक मिनिट." श्यामकांत सर खुर्चीत पुढे सरकले. "तो यातलं काहीच करणार नाही. बी.एस्सी. करणार, मग संशोधनाकडे जाणार. माझ्या घरी बसून बोललाय तो. डोळे चमकत होते त्याचे."

"म्हणजे तुम्हीच त्याच्या डोक्यात हे भरवून राहिले?" देवीदास उसळले.

"मी? मी काहून भरवू?" सरांची मराठी रागाने नागपूरला जाऊन पोचली. "तुमचंच काहीतरी चुकून राहिलं असेल."

आवाज चढले. तिघंही शपथेवर सांगत होती आणि तिघांचं तीन दिशांना जात होतं. यातली निदान दोघं खोटं बोलतात, एवढं तर उघड होतं. पण कोण, आणि कशासाठी?

तेवढ्यात शिपाईबाई दारात आल्या.

"मॅडम, गजघाटे की साइकिल तो स्टँड पे खड़ी है. बस्ता भी कैरियर में लगा है." त्या थांबल्या. "लड़का कहीं नहीं है. पूरा स्कूल देख लिया."

२

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच देवीदास त्या खोलीत येऊन बसले होते. कपडे कालचेच. बुटांवर गिट्टीची पांढरी धूळ.

वनमालाबाईंनी ती धूळ पाहिली आणि काही विचारलं नाही. देवीदासांनी आपणहून सांगितलं.

"रातभर रुळावर फिरून राहिलो, मॅडम. सरोण्याच्या स्टेशनापासून इकडे उरकुऱ्यापर्यंत. गँगमनलोकं ओळखीचे आहेत, त्यायले सांगून ठेवलं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "काही नाही मिळालं. काही नाही मिळालं हेच चांगलं म्हणायचं."

पोलीस चौकीत तक्रार घेतली होती. परीक्षेचे दिवस आहेत, दोन दिवसांत भूक लागली की येतात परत, असं तिथला हवालदार म्हणाला होता. तो काही वाईट बोलला नव्हता. पण वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर या दिवसांत काय छापून येतं, ते वनमालाबाईंना पाठ होतं.

"देवीदासजी, यशदीप घरी कसा वागायचा? गेल्या महिन्याभरात?"

"चांगला. कधी उलटून बोलला नाही. फक्त..." ते अडखळले. "मोठ्यानं बोलायले लागला होता. बहिऱ्यासंगं बोलावं तसा. अन् आपण हाक मारली तर ऐकूच जाय ना त्याले. मी रागावलो बी एकदा. मले वाटलं, वय आहे, बापाले टाळून राहिला."

"इंजिनिअरिंगचं त्याने आपणहून काढलं?"

देवीदासांनी जरा विचार केला. "मी डिप्लोम्यासाठी बसलो होतो, मॅडम. आमच्या भंडाऱ्याले. एका विषयात गेलो. ते त्याले सांगत होतो. तर म्हणे, पप्पा, मैं करूँगा." त्यांनी बुटांवरची धूळ झटकली. "त्या दिवशी मले वाटलं, आता मी मेलो तरी चालते."

सरला बाहेर बाकावर बसली होती. तिला आत बोलावलं तेव्हा ती उभीच राहिली.

"खाणं कमी झालं होतं का त्याचं?"

"नाही. ट्यूशनहून आला की दोन पोळ्या जास्तच खाय. झोपे बी असा गाढ, की बस. लहानपणापासून त्याची झोप कच्ची. ट्यूशनच्या दिवशीच तेवढी गाढ." ती आठवत होती. "पण हात पहा ना त्याचे. बोटं फाटली होती. हाताले चिंचेचा वास. म्हटलं, बाहेर चाट खाऊन राहिला का रे? तर हसला नुसता."

"ट्यूशन कुठे होती?"

"श्यामकांत सरांकडे. आठवड्यातून तीन-चार दिवस."

वनमालाबाईंनी मान वर केली. काल भांडणाच्या भरात सर म्हणाले होते की मुलगा त्यांच्या घरी बसून बोलला. पण ट्यूशनचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. श्यामकांत सर ट्यूशन घेत नाहीत, ही गोष्ट तर सगळ्या शाळेला माहीत होती.

३

"माझ्या घरी तो एकदाच आला," श्यामकांत सर म्हणाले. कालचा ताव उतरला होता. चेहरा ओढलेला. "बायको गेल्यावर माझ्याकडे कुणी येत नाही. तो दुर्बीण पाहायला आला. मी नागपूरला संशोधन करत होतो ते सांगत बसलो. अर्धवट सोडलेलं. ऐकता ऐकता म्हणाला, सर, मुझे भी यही करना है. मी खोटं का बोलू, मॅडम?"

"तुम्ही खोटं बोलता असं मी म्हटलं नाही."

"वर्गात मात्र अलीकडे लक्ष नव्हतं. प्रश्न विचारला की दोनदा 'क्या?' म्हणायचा. आणि बाकावर बोटांनी ठोकत बसायचा. एका लयीत, ठक ठक ठक. मी म्हटलं, तबला शिकतोस का रे?"

सर गेले आणि अनिमेष आला. यशदीपचा जिवलग मित्र. घरी मराठी, पण बोलणार हिंदीच. त्याचे डोळे सुजले होते.

"मॅडम, वो बंबई गया होगा. हम दोनों का प्लान था. एग्ज़ाम के बाद भाग के जाएँगे, एनिमेशन सीखेंगे."

"हा प्लान कुणाचा, तुझा की त्याचा?"

"दोनों का." मग जरा थांबून, "मतलब, बोला मैंने था. पर वो तो मेरे से भी ज़्यादा खुश हुआ था. फिर अकेला कैसे चला गया?"

"तो रविवारी तुमच्यात क्रिकेट खेळायचा ना?"

"छोड़ दिया. बोलता था ट्यूशन है. मैंने ही कितनी बार स्कूटी पे छोड़ा उसको, पुरानी बस्ती के कोने पे. बोला, वहाँ किसी सर का घर है."

म्हणजे कोटा, रायपूर, प्रयोगशाळा, मुंबई. एका मुलाचे चार रस्ते, आणि ट्यूशन म्हणून एक पाचवाच, पुरानी बस्तीच्या गल्लीत जाऊन संपणारा. वनमालाबाईंनी डोळ्यांवर तळवे दाबून धरले. या चौघांपैकी खोटारडा कोण, हे शोधायला बसावं तर चौघांचेही चेहरे स्वच्छ होते. इतकी वर्षं माणसांचं ऐकण्याचं काम केल्यावर एवढं तर त्यांना कळत होतं.

शिवाय एक गोष्ट त्यांनी अजून कुणालाच सांगितली नव्हती. यशदीपला खरं काय व्हायचं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

४

दिवाळीनंतरची गोष्ट. नोकरी सोडायची असं ठरवूनच त्या दिवशी वनमालाबाई शाळेत आल्या होत्या. सकाळपासून सात मुलं येऊन गेली होती, आणि सगळ्यांना सांगायला त्यांच्याकडे तीच ती वाक्यं होती. शेवटी यशदीप आला. नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मुझे ना, आपके जैसा काम करना है. बच्चों की बात सुनने वाला."

वनमालाबाई घरी गेल्या त्या हलक्या होऊन. नोकरी सोडण्याचं राहून गेलं. इतर सगळे काहीही म्हणोत, मुलाने खरं मन आपल्यापाशीच मोकळं केलं, हा विश्वास तेव्हापासून त्यांच्या उशाशी होता. काल बैठकीत तिघं भांडत होती तेव्हाही त्या आतल्या आत म्हणत होत्या, तुम्हाला कुणालाच ठाऊक नाही.

आज रिकाम्या खोलीत बसून त्यांनी त्या दिवसाकडे पुन्हा पाहिलं. बापाला न मिळालेला डिप्लोमा बापाच्या पदरात पडला. आईला मुलगा दूर जाईल याची धास्ती होती, तिला मुलगा जवळ मिळाला. एकट्या सरांना त्यांचं सुटलेलं संशोधन मिळालं. पळून जाऊ पाहणाऱ्या मित्राला सोबत मिळाली.

आणि नोकरीला कंटाळलेल्या समुपदेशकाला?

वनमालाबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं. चौघं नव्हे, पाचही साक्षीदार खरे होते, आणि पाचही साक्षी कुचकामाच्या होत्या. त्यात त्यांची स्वतःचीही आली.

मग तो नाहीसा का झाला, याचं उत्तर तर त्यांच्या तोंडावरच फेकलं गेलं. सगळ्यांना एका खोलीत बोलावलं होतं कुणी? वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळा असलेला मुलगा एकाच वेळी सगळ्यांसमोर बसणार कसा? त्या बैठकीला तो सायकल स्टँडपर्यंत आला, सायकल लावली, आणि त्याचे पाय पुढे गेले नाहीत.

त्या उठल्या आणि पोरगा बोलला ते सगळं त्यांनी मनातून पुसून टाकलं. प्रत्येक शब्द. उरलं काय? कुणालाही खूश करण्यासाठी नसलेलं, त्याच्याही नकळत मागे राहिलेलं असं काय उरलं?

थोडंच उरलं. पण तेवढं पुरे होतं. त्यांनी शिपाईबाईंना हाक मारली.

"गजघाटेंना आत बोलवा. आणि श्यामकांत सरांनाही. लवकर."

५

"त्याने तुम्हाला काय सांगितलं ते विसरा," वनमालाबाई म्हणाल्या. त्या टेबलाच्या कडेला टेकल्या. "मला सांगितलेलंही विसरायचं. नुसतं पाहू. सरलाताई, हाताला चिंचेचा वास, बोटं फाटलेली. चाट खाऊन बोटं फाटत नाहीत. रोज चिंचेचा कोळ चोळला तर फाटतात. घरी आपण चिंच कशाला लावतो?"

"पितळी भांड्यायले," सरला म्हणाली.

"देवीदासजी, तुम्ही म्हणालात तो मोठ्याने बोलायचा, हाक ऐकू यायची नाही. सर, तुमच्या वर्गात तो दोनदा 'क्या?' विचारायचा. त्यात उद्धटपणा नव्हता. कानांना दडे बसले होते. तुमच्या कारखान्यात होतात ना काही लोकांचे?"

देवीदास हळूच म्हणाले, "ठोकण्याच्या खात्यातल्यायचे होतात."

"आणि बाकावर तबला नव्हता, सर. एका लयीत ठक ठक. हातोडी हातात नसली तरी हात चालत होता. पुरानी बस्तीत अनिमेष त्याला सोडायचा तिथे मागच्या गल्लीत काय आहे?"

श्यामकांत सरांनी डोळे मिटले. "काशाची भांडी ठोकणारे. अहो, त्या गल्लीतून जाताना शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही."

"हो ना," वनमालाबाई म्हणाल्या. "म्हणूनच."

६

ती गल्ली एका देवळाच्या मागे होती. देवीदास आणि सरला कोपऱ्यावरच्या टपरीपाशी थांबली. वनमालाबाईंनी थांबा म्हटल्यावर देवीदासांच्या तोंडावर जे आलं ते पाहवत नव्हतं. पण त्यांनी ऐकलं.

पत्र्याखाली चारपाच माणसं काशाच्या ताटांवर घाव घालत बसली होती. वनमालाबाईंनी हाक मारली ती त्यांची त्यांनाही ऐकू आली नाही. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराच्या कानाशी वाकून त्यांनी शाळेच्या सदऱ्यातल्या मुलाचं विचारलं.

"हव, इही लइका," तो ओरडून म्हणाला. "आथे, बइठथे, ठोकथे, चल देथे. कुछु नइ बोलय. काली इहें सुत गे." म्हणजे काल रात्री मुलगा इथेच झोपला होता. मग दिलगिरीने, "घर म झगरा होइस होही, समझेंव."

यशदीप मागच्या कोपऱ्यात होता. शाळेच्या सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, समोर चिंचेने घासलेलं ताट. त्याने वर पाहिलं आणि त्याची हातोडी हवेतच थांबली.

वनमालाबाई तिथेच एका पोत्यावर बसल्या. बोलण्यात अर्थ नव्हता. शेजारी बसून त्यांनी नुसता आवाज ऐकला. डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच राहत नव्हती. बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

जेवणाची वेळ झाली आणि ठोकणं थांबलं. शांतता कानांत वाजू लागली.

"कल सब आ गए थे?" यशदीपने विचारलं. जरा मोठ्यानेच.

"आले होते."

"सब ने एक-दूसरे को बता दिया?"

"हो."

तो ताटाकडे पाहत राहिला. "मैंने झूठ नहीं बोला था, मॅडम. जिसके सामने बैठता था, उसके सामने वही सच लगता था. सामने वाले का चेहरा देख के मुँह से निकल जाता था."

"माझ्यासमोरही?"

त्याने ताटाची कड अंगठ्याने पुसली. मग म्हणाला, "उस दिन आप बहुत थकी हुई थीं."

वनमालाबाईंनी मान हलवली. खरंच होतं ते.

"यहाँ कोई कुछ पूछ ही नहीं सकता," तो म्हणाला. "हाथ चलाओ बस. कोई खुश भी नहीं होता, नाराज़ भी नहीं होता."

वनमालाबाईंच्या डोक्यात सवयीने चक्र सुरू झालं. धातुकाम. कलाशाखा. हस्तकलेचा अभ्यासक्रम शिकवणारं कुठलं तरी महाविद्यालय. तुला हे काम करायचंय का, हा प्रश्न अगदी ओठांवर आला. त्याच क्षणी त्यांनी पाहिलं, यशदीप त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होता आणि त्याचा स्वतःचा चेहरा हळूहळू उत्तर जुळवत होता.

त्यांनी तोंड मिटलं. समोरची भिंत पाहत बसल्या. आपल्या चेहऱ्यावर आहे तो थकवा त्यांनी तसाच राहू दिला, हसू आणलं नाही.

पुष्कळ वेळाने तो म्हणाला, "ये भी नहीं बनना है मुझे. ठोकना अच्छा लगता है, बस."

"बरं."

"क्या बनना है, पता नहीं, मॅडम. सच में पता नहीं."

"मलाही नाही माहीत," वनमालाबाई म्हणाल्या. "चल. आईबाबा कोपऱ्यावर उभे आहेत. काही सांगायची गरज नाही. नुसता ये."

सरलाने त्याला पाहिलं आणि त्याचे दोन्ही हात धरून ठेवले, सोडेचना. देवीदास काय करावं ते न सुचून टपरीवाल्याकडे वळले.

"चार चाय देना, भैया."

"पप्पा," यशदीप म्हणाला. "मुझे नहीं चाहिए. मुझे चाय अच्छी नहीं लगती."

देवीदास वळले. "काहून? रोज सकाळी माह्यासंगं पितेस ना?"

"आपको अच्छा लगता था. साथ में पीना."

देवीदास त्याच्याकडे पाहतच राहिले. रात्रभर रूळ तुडवलेला तो माणूस जरा डुलला, सावरला. रागावतो की काय, असं वनमालाबाईंना क्षणभर वाटलं.

"मग काय पाहिजे तुले?" देवीदासांनी विचारलं.

यशदीपने टपरीकडे पाहिलं. मग बापाच्या तोंडाकडे पाहू लागला, आणि देवीदासांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मान दुसरीकडे वळवली, रस्त्याकडे. सरला "दूध घे ना रे" म्हणणार होती. वनमालाबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"जल्दी बोलो भैया," टपरीवाला म्हणाला.

"रुको," देवीदास रस्त्याकडे पाहतच म्हणाले. "सोचने दो उसको."

आणि भर दुपारच्या उन्हात ती तिघं मोठी माणसं गप्प उभी राहिली, आणि पोरगा विचार करू लागला.